गोरजाची तहकुबी

हळद अंगावर सुकली की खाजते, हे नवरीला आधी कुणी सांगत नाही. माजघरात गौरीहरापाशी पाटावर मी बसले होते, ओंजळीत तांदूळ, नाकात गोदाताईची नथ, आणि सगळं चित्त पाठीवर हात कुठवर पोचतो याच्यात. तोंडानं मात्र शिकवल्याप्रमाणे चालू होतं, "गौरी गौरी, सौभाग्य दे, दारी येईल त्याला आयुष्य दे." बाहेर मांडवात सनई मध्येच बंद पडली आणि कुणीतरी ओरडलं, "अरे, असेंब्लीवाले आले!"

असेंब्लीवाले म्हणजे माझे अप्पाकाका. त्र्यंबक गर्गे, वकील, दिल्लीच्या मध्यवर्ती असेंब्लीतले आमच्या भागाचे सभासद. एरंडोलात त्यांच्याइतका शिकलेला माणूस नव्हता आणि त्यांच्याइतका नरम बोलणाराही नव्हता. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी (घरात लहानथोर सगळे त्यांना दादाच म्हणत), लग्नाचा दिवस मुद्दाम दिल्लीचं अधिवेशन भरात असताना धरला होता. धाकटा भाऊ आला नाही तर बरं, असा त्यांचा होरा. तो चुकला.

काका मांडवातून सरळ चालत आले आणि माजघराच्या उंबऱ्यावर मांडवाकडे तोंड करून उभे राहिले. कोटावर आगगाडीच्या कोळशाची काजळी होती. मागे वळून त्यांनी मला पाहिलं.

"काय अध्यक्षमहाराज, बरं चाललंय ना?"

हा आमचा खेळ होता. काका दिल्लीहून आले की ओसरीवर आमची असेंब्ली भरायची. मी पाटावर अध्यक्ष, गोदाताई सरकारपक्ष, काका विरोधी पक्ष. कैऱ्यांवर कर बसवावा का, भाकरी करपवणाऱ्याला काळ्या पाण्यावर पाठवावं का, अशी बिलं. काकांनी आम्हाला तिथली सगळी चलाखी शिकवली होती. नावडतं बिल हाणून पाडायला मतं नसली तर काय करायचं? बोलत राहायचं. कशावरही बोलायचं. सभेची वेळ संपेपर्यंत बोललं की बिल लटकलं. फक्त मध्ये खंड पडता कामा नये. बोलणारा थकून खाली बसला आणि त्याच्या बाजूचं दुसरं कुणी उठलं नाही, की अध्यक्ष लगेच मतं घेतो आणि खेळ खलास. गोदाताई यात पटाईत होती. काकांचा घसा बसला की पक्ष सोडून टुणकन उभी राहायची आणि शेजारच्या म्हशीबद्दल बोलत सुटायची. शेवटी मी म्हणायचे, "सभा तहकूब!" मग सगळ्यांनी उठायचं आणि जेवायला जायचं.

पण त्या दिवशी मला काका आलेले आवडले नाहीत. आले की लग्न मोडतील, असं आत्याबाई सकाळपासून म्हणत होत्या, आणि मला लग्न हवं होतं. हिरवा शालू हवा होता, बुंदी हवी होती, आणि बाळ तर हवंच होतं. बाळ म्हणजे गोदाताईचं. गोदाताई, माझी सख्खी थोरली बहीण, चाळीसगावच्या आबकारी इन्स्पेक्टर पिंगळ्यांना दिलेली. तेराव्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती परत गेलीच नाही. मूल जगलं. आता त्याच पिंगळ्यांना मला द्यायचं ठरलं होतं. बहिणीच्या जागी बहीण. मुलाला परकी सावत्र आई येण्यापेक्षा मावशी बरी. जुनी रीत आहे, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी दहा वर्षांची होते.

वावगं असलंच तर सरकारला होतं. लग्नाच्या वयाचा कायदा असेंब्लीत पास झाला होता: चौदा वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावलं तर शिक्षा. पण तो लागू होणार होता एक एप्रिलपासून, पाडव्याच्या मागोमाग. तोवर गावोगाव जी लग्नं उरकली गेली ती विचारू नका. पाळण्यातल्या पोरींना मुंडावळ्या बांधल्या लोकांनी. आमचा मुहूर्त फाल्गुनातला शेवटचा, गोरज. पुढचा थेट वैशाखात. आणि पिंगळे पडले सरकारी नोकर. एप्रिलनंतर दहा वर्षांच्या पोरीशी लग्न करायची त्यांची छाती नव्हती. आज नाही तर कधीच नाही, हे मांडवात सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनाही.

"दादा, हे थांबव," काका म्हणाले.

"कुठल्या कायद्यानं?" दादा मांडवाच्या मधोमध उभे होते, उपरणं कमरेला बांधलेलं. "तुझा कायदा एप्रिलात. 'लोकांना सवड द्या, एकदम धक्का देऊ नका,' असं दिल्लीत तूच बोललास ना? वर्तमानपत्रात वाचलंय मी. मंडळी, माझ्या भावानं दिलेली सवड आहे ही! मी वापरतोय, इतकंच."

मांडव हसला. काका हसले नाहीत.

"बोललो," ते म्हणाले. "त्याशिवाय काठावरची मतं मिळत नव्हती. मला वाटलं, मधल्या दिवसांत लोक मनाची तयारी करतील."

"केली की तयारी!" वऱ्हाडातून कुणीतरी म्हणालं. "हा बघा मांडव!"

पुन्हा हशा झाला. मीही आतून हसले. काकांचे कान लाल झालेले मला मागून दिसले.

"दादा, गोदा विसरलास?"

यावर दादांच्या आधी विहीणबाई बोलल्या. पिंगळ्यांची आई, बाळ त्यांच्या मांडीवर होतं. "गोदेचं नाव काढू नका शुभकार्यात. गेल्या खेपेला वरात उशिरा आली, मुहूर्त टळला, आणि भटजींनी तसंच रेटून लावलं. म्हणून गेली ती पोर. या खेपेला पळभर इकडचं तिकडं चालायचं नाही मला. मुहूर्त टळला तर मी मुलाला घेऊन उठेन, सांगून ठेवते!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. गोदाताई मुहूर्तामुळे गेली हे गावात पक्कं ठरलेलं होतं.

काकांनी मान वळवली. मांडवात नरहरभटांपाशी पाण्यानं भरलेलं घंगाळ होतं आणि त्यात तांब्याची वाटी तरंगत होती. वाटीच्या बुडाला बारीक छिद्र असतं. पाणी हळूहळू आत येतं आणि वाटी भरली की बुडते. ती बुडेल तोच आमचा मुहूर्त.

"नरहरभट, वाटी कितपत भरलीय?"

"अर्ध्याच्या वर गेली, अप्पासाहेब. मुलीला बाहेर आणा आता. अष्टकं म्हणायची आहेत."

काकांनी दाराच्या दोन्ही बाजूंची चौकट हातांनी धरली. घसा खाकरला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मला दोन शब्द बोलायचे आहेत."

आख्ख्या मांडवात कुणाला कळलं नाही. मला कळलं.

"अध्यक्षमहाराज," काका म्हणाले, आणि सुरू झाले. म्हसावद स्टेशनावरच्या मोडक्या बाकांपासून सुरुवात केली. मग मिठावरचा कर. मग कपाशीवरची अळी. आवाज तोच, नरम, एकेक वाक्य घडी घातल्यासारखं. लोक आधी गंमत म्हणून ऐकत राहिले. सदाशिवमामा, जो मला हात धरून बाहेर नेणार होता, तो मागून काकांचा कोट ओढत "अहो अप्पा, अहो अप्पा" करत बसला. माझा मामा म्हणजे दोन्ही डगरींवर हात; जोरात ओढायचं धाडस नाही आणि सोडायचंही नाही.

"बाजूला हो," दादा म्हणाले.

"सन्माननीय सभासदांनी मध्ये बोलू नये," काका म्हणाले, आणि अळीवर परत गेले.

तेव्हा पिंगळ्यांबरोबर आलेले आबकारीचे शिपाई पुढे झाले. हातभट्ट्या फोडून हात तयार झालेली माणसं ती. पहिल्यानं काकांच्या पोटात काठी ढोसली. काका वाकले, पण चौकट सोडली नाही. "रेल्वेचं भाडं," ते म्हणाले, श्वास घेतला, "तिसऱ्या वर्गाचं भाडं..." दुसऱ्यानं काठी उगारून बोटांवर मारली. मी तो आवाज ऐकला. ओल्या काटकीसारखा झाला. काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं भलतीकडे वळली. तो हात त्यांनी दाराच्या मोठ्या कडीतून आरपार घातला आणि कोपरात अडकवला.

"परसदारानं काढा पोरीला!" वऱ्हाडातून आवाज आला. मामा धावला आणि लगेच परत आला. परसदाराला कुलूप होतं. किल्ली कुठे आहे ते कुणाला सापडेना. "वहिनींना विचारा! अहो, किल्ली कुठंय?" आई चुलीच्या खोलीच्या दारात उभी होती. तिनं नुसती मान हलवली.

काठ्या चालूच होत्या. खांदे, मांड्या, बरगड्या. पगडी पडली, ती तुडवली गेली. कपाळ फुटून रक्त भुवईवरून गळायला लागलं. आणि माणूस बोलत होता! तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बायकांना बसायला जागा नसते, यावर बोलत होता. प्रत्येक काठीला वाक्य तुटायचं, आणि जिथे तुटलं तिथूनच ते पुन्हा उचलायचे. मांडवात आता कुणी हसत नव्हतं. म्हातारे "अरे, पुरे, पुरे" म्हणत होते, पण उठत कुणी नव्हतं. पिंगळे बोहल्याजवळ मुंडावळ्या बांधून उभे होते, आपल्या पायांकडे बघत.

"वाटी काठाला आली!" नरहरभट ओरडले.

दादांनी मांडवाच्या खांबाला टेकवलेलं मुसळ उचललं. सकाळी सुवासिनींनी त्याच्यावर घाणा भरला होता. त्याला आंब्याची पानं बांधलेली होती, हळदीकुंकू लावलेलं होतं. ते घेऊन दादा उंबऱ्यापाशी आले. दादांचे डोळे भरलेले मी पाहिले.

"त्र्यंबक, शेवटचं सांगतो."

"दादा," काका म्हणाले, "मारायचं तर मार. पण मी तुझ्याशी बोलत नाहीये. मी अध्यक्षांशी..."

मुसळ जबड्यावर बसलं. काकांचं डोकं मागे गेलं, हात कडीतून निसटला, आणि ते आत, माझ्या पाटापाशी, उताणे पडले. गौरीहराचे तांदूळ उडाले. माझ्या हिरव्या शालूवर रक्त उडालं, आणि त्या रक्तात एक दात होता.

शिपायांच्या काठ्या खाली आल्या.

काकांचा जबडा एका बाजूला लोंबत होता. ते बोलायचा प्रयत्न करत होते. तोंडातून नुसता फेस येत होता, लाल. आणि डोळे माझ्याकडे होते. रागावलेले नव्हते ते, घाबरलेलेही नव्हते. विचारत होते. आमच्या खेळात घसा बसला की ते गोदाताईकडे असेच बघायचे.

मध्ये खंड पडला की मतं घेतात.

"चल, द्वारके," मामा म्हणाला आणि माझा हात धरला. मी उठले. दार मोकळं होतं. मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि काका जिथे उभे होते तिथेच उभी राहिले. मला पलीकडे वाटी दिसली. तिचा नुसता काठ पाण्यावर होता.

"उजवं पाऊल टाक, बाळ," विहीणबाई म्हणाल्या.

"गोदाताई मेली तेव्हा मी दाराबाहेर होते," मी म्हणाले.

हे मी ठरवलेलं नव्हतं. म्हशीबद्दल बोलायचं डोक्यात होतं, पण म्हैस आठवलीच नाही.

"गप!" दादा म्हणाले. "सदाशिव, ओढ तिला!"

"ओढू नका!" विहीणबाई किंचाळल्या. "ओढून आणलेली नवरी मला नको. आपल्या पायानं येऊ दे."

"मला आत जाऊ देत नव्हते," मी म्हणाले. "मी कडीला कान लावून बसले होते. ती सकाळपासून ओरडत होती. मग दुपारी ओरडेनाशी झाली, नुसती बोलायला लागली. आधी म्हणाली, माझे सागरगोटे द्वारकीला देऊ नका, ती हरवते. मग म्हणाली, आई, पाणी. सुईण म्हणाली, पाणी नको. मग ती म्हणाली..."

दादांनी हात उगारला. मुसळ टाकलेला रिकामा हात, पण उगारला. विहीणबाईंनीच तो धरला. "अहो, हळद लागलीय तिला! लक्ष्मी आहे ती आत्ता! हात लावाल तर वंश जाईल!"

"मग ती म्हणाली," मी म्हणाले, आणि माझा आवाज फुटला तरी मी थांबले नाही, कारण थांबायचं नसतं, "आई, मी पुन्हा असं करणार नाही. आई, चुकले, मी पुन्हा नाही करणार, मला सोडा. सारखं तेच म्हणत होती. तिला वाटत होतं तिनं काहीतरी केलंय म्हणून तिला शिक्षा चाललीय. आई म्हणत होती, तू काही नाही केलंस गं. ती म्हणत होती, मग सोड ना. मग सोड ना. मग सोड ना."

पुढचं मला येईना. मी तेच म्हणत राहिले, "मग सोड ना." किती वेळा म्हणाले कुणास ठाऊक. बाळ चुळबुळायला लागलं. पिंगळे मटकन खाली बसले. इन्स्पेक्टरसाहेब, मुंडावळ्यांसकट, मातीत.

घंगाळात बुडबुडा आला. वाटी एकदा डोलली आणि तळाला जाऊन टण् करून वाजली.

नरहरभटांनी पंचांग मिटलं. विहीणबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मी मागे वळून काकांकडे पाहिलं. त्यांनी धड असलेला हात जमिनीवरून जरासा उचलला होता, आणि मला कळलं की अजून एक काम राहिलंय.

"सभा तहकूब," मी म्हणाले.

कुणी हललं नाही. त्यांना आमचा खेळ कुठे ठाऊक होता? मग चुलीच्या दारातून आई निघाली. सगळ्यांच्या देखत, डोक्यावरचा पदर न सावरता, सबंध माजघर ओलांडून आली. आधी काकांचं डोकं उचलून तिनं आपल्या मांडीवर घेतलं. मग मला जवळ ओढलं आणि माझ्या मुंडावळ्या सोडल्या. तिच्या कनवटीचं काहीतरी टोचलं मला. तिनं ते काढून मामाच्या पुढ्यात टाकलं.

"परसदार उघड, सदाशिव," ती म्हणाली. "डॉक्टरांना तिकडून लवकर आणता येईल."

किल्ली होती ती.

जबडा पुढे बसला, पण तिरका. जिभेचा तुकडा गेला होता. काका दिल्लीला परत गेले, टर्म संपेपर्यंत जात राहिले. मतं घ्यायची वेळ आली की उठून आपल्या बाजूनं चालत जायचे, मत द्यायचे आणि परत येऊन बसायचे. बोलले नाहीत. गोदाताईचं बाळ आईनं मागून घेतलं आणि वाढवलं. मला काकांनी पुण्याला शिकायला ठेवलं. पाटीवर लिहून दादांना तसं सांगितलं, आणि दादांनी ती पाटी वाचून नुसती खाली ठेवली.

दारी येईल त्याला आयुष्य दे, असं मी गौरीला म्हणाले होते. तिनं दिलं. अप्पाकाका पुष्कळ जगले. जेवायला मात्र त्यांना मऊ भातच लागायचा, आणि ते घरी असले की तो दादा रोज दोन्ही वेळेला स्वतःच्या हातानं कालवून त्यांच्या पुढ्यात ठेवायचे. आईला किंवा मला त्या ताटाला हात लावू द्यायचे नाहीत. दोघं भाऊ समोरासमोर बसायचे. एकाला बोलता येत नव्हतं, दुसऱ्याला धीर होत नव्हता. काकांचा शेवटचा घास संपेपर्यंत दादा पानावरून उठत नसत.